डावी गाठ

पूर्णगड,
३० जुलै १९८४

चि. मैनास दादाचा आशीर्वाद.

तुझं कार्ड गेल्या आठवड्यात पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण हात मातीत आहेत आणि डोकं ठिकाणावर नाही.

गेल्या साली निम्मी कलमं मेली तेव्हा मी म्हटलं, असेल, काडी जून निघाली असेल. यंदा काडी मी स्वतः निवडली. दगडी गडग्याजवळच्या आपल्या जुन्या हापूसची, ज्याच्यावर बाबांनी मला कलम बांधायला शिकवलं तो. कोयी ताज्या, रोपं तांबूस पानांची, हवी तशी. तरी काड्या काळ्या पडतायत. लांज्याची, राजापूरची माणसं पावसाच्या आधी येऊन सांगून गेलीत, आम्हाला महिपतच्या हातचीच कलमं पाहिजेत म्हणून. त्यांना दाखवू काय, काळ्या काड्या? इतक्या वर्षांत माझ्या हाताला हा डाग कधी नव्हता.

आता खरं काय ते तुला सांगतो. दुपारी पेज घेऊन मी पडवीत आडवा होतो. परवा झोप लागली नाही. बघतो तर आपली राही वाफ्यात बसून माझ्या कलमांना हात लावत्येय. पडवीतून वाफा किती लांब आहे तुला ठाऊक आहे, विहिरीच्याही पलीकडे. तरी मला तिच्या हातातल्या बांगड्यासुद्धा दिसल्या. हाक मारली तशी दचकून उठली आणि म्हणाली, गवत काढत होते. माझ्या वाफ्यात गवत? मी काय वाफ्यात गवत वाढवतो?

आपला धाकटा सदू बोटीवर. त्याच्या लग्नाला सहा वर्षं झाली, हिची कूस उजवली नाही. अशा बाईचा हात कलमाला लागला तर कलम धरेल काय? आई असती तर तिने काय केलं असतं ते तू मला लिही. तुझी वहिनी गेल्यापासून या घरात असलं काही विचारायला मला बाईमाणूस उरलेलं नाही.

जागा संपली. हल्ली इनलँडात काही मावतच नाही.

दादा

*

लोटे,
८ ऑगस्ट १९८४

ती. दादास मैनाचा नमस्कार.

इनलँडात मावत नाही म्हणतोस, पण अक्षर केवढं काढतोस ते बघ जरा. एकेक वाटाण्याएवढं. शाळेत गुरुजी तुझी पाटी वर्गात फिरवायचे, बघा किती बारीक आणि सरळ लिहितो म्हणून. ह्यांनी पत्र पाहिलं आणि म्हणाले, दादांनी काय भिंत रंगवायला घेतली होती?

राहीबद्दल विचारलंस तर मी स्पष्टच लिहिते, मला आडून बोलता येत नाही. आई असती तर पहिल्या दिवशी हिला हाताला धरून वाफ्याबाहेर काढली असती. त्या चार दिवसांत आईने मला, पोटच्या पोरीला, कधी वाफ्याच्या वाऱ्याला उभं केलं नाही. आणि जिची स्वतःची कूस धरत नाही, तिच्या हाताखाली कलम काय धरणार? डावखुरी म्हणून मी लग्नातच नाक मुरडलं होतं. पण सदूला गोरी हवी होती. आता भोगा म्हणावं.

तिला चुलीपाशी ठेव, वाफ्याला कुंपण घाल. तरी मनात शंका राहिलीच तर देवीला कौल लाव. सदूलाही कळव. बोटीवर बसून त्याला घरातलं काय कळतंय. त्याचं वय अजून गेलेलं नाही, दुसरी करायची तर आत्ताच करायला हवी. पुढे कोण देणार आहे?

इकडे ह्यांना चाळिशी लागली. कंपनीत डोळ्यांचे डॉक्टर आले होते, त्यांनी तपासलं. इतके दिवस पेपर हातभर लांब धरून वाचायचे आणि छापणाऱ्याला शिव्या घालायचे. आता चष्मा नाकावर घेऊन बांगड्यातले काटे काढतात. मी म्हणते, आजोबा, अजून भात वाढू काय? तर रागावतात.

तब्येतीला जप. पावसात फार भिजू नकोस.

मैना

*

पूर्णगड,
२२ सप्टेंबर १९८४

चि. मैनास आशीर्वाद.

गौरीला तू आली नाहीस, केरूरावांची शिफ्ट होती म्हणून कळवलंस. असू दे.

तुझं पत्र आलं तेव्हा माझे हात चिखलाने भरले होते, म्हणून राहीलाच म्हटलं, वाच. हल्ली पत्रं तीच वाचते, पंचांगही तीच बघते. छापणारे अक्षर मुंगीएवढं काढायला लागलेत आणि आपल्या पडवीत उजेड म्हणून नाही. तर तिने वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत आवाजात, कुठे अडखळली नाही. कूस, डावखुरी, दुसरी करायची, सगळं वाचलं. मग घडी घालून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, आधण ठेवू ना भाताला? मी थक्क झालो. माणूस निगरगट्ट असावं तरी किती? वायच लाज असती तर रडली असती.

तुझ्या सांगण्याप्रमाणे देवळात गेलो. भिकाजी गुरवाने देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंना फुलांचे ओले कळे लावले आणि गाऱ्हाणं घातलं, की आई, कलमं मरतायत त्याचा दोष घरातला असेल तर उजवा कळा सोड, बाहेरचा असेल तर डावा सोड. फार वाट बघावी लागली नाही. उजवा पडला. दोष घरातला. आता घरात आहे कोण? मी आणि ती.

त्याच दिवशी झावळ्यांचं कुंपण घातलं आणि तिला बजावलं, या कुंपणाच्या आत पाऊल टाकलंस तर घरात ठेवणार नाही. ती बरं म्हणाली. आणि आता ऐक पुढचं. कुंपण घातल्यावर जी कलमं मी बांधली त्यातलं एकही धरलं नाही. आधीची निम्मी तरी उभी होती, ही सगळीच्या सगळी काळी. आत पाय टाकता येत नाही म्हणून बाहेरून तळतळाट देत असणार. असल्या माणसाला घरात ठेवून काय करू ते मला कळत नाही.

सदूला सगळं कळवलंय.

दादा

*

लोटे,
१ ऑक्टोबर १९८४

ती. दादास,

तुझं पत्र परत परत वाचलं. ते पत्र मी तुला लिहिलं होतं. ते भावाबहिणीतलं बोलणं होतं. तू ते तिच्याकडून वाचून घेतलंस? मी तिला जे जे म्हटलं ते तिच्याच तोंडून? हात चिखलात होते म्हणे. धुवायचे होतेस. विहीर दारात आहे. ह्यांना काय झालं ते सांगताही येत नव्हतं.

मग ह्यांना सांगितलंच. हे म्हणाले, मैना, दादांनी स्वतः का नाही वाचलं? मी म्हटलं, हात चिखलात होते. हे म्हणाले, मी पण सहा महिने असंच काहीतरी सांगत होतो.

दादा, आता मी विचारते त्याचं खरं उत्तर दे. छापणाऱ्याला शिव्या हेही देत होते. उजेड नाही असंही म्हणायचे, आणि आमच्या खोलीत तर ट्यूबलाईट आहे. तुझं अक्षर एवढं मोठं का झालं? पंचांग तिला का बघायला लावतोस? बाबांच्या वेळची भेट कलमं जाड खोडांची होती, ती हाताला कळायची. तू आता कोय कलमं बांधतोस. तिथे काडी पेन्सिलीएवढी आणि पाचरीचा काप त्याहून बारीक. साल सालीला लागली की नाही ते तुला दिसतं काय? देवीची शपथ घेऊन सांग. नाहीतर सुईत दोरा ओवून बघ आणि मला कळव.

तिचा हात लागत होता तोवर निम्मी धरत होती. तिला बाहेर काढलीस आणि एकही धरेना. हे तूच लिहिलंयस. मग दोष तिच्या हाताचा कसा?

राही, हे पत्र तूच वाचत असशील, म्हणून आता तुझ्याशी बोलते. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. तू वाचणार हे ठाऊक नव्हतं, पण म्हणून ते कमी वाईट होत नाही. माफ कर म्हणायला मला तोंड नाही. हे पत्र दादाला सगळं वाचून दाखव, आणि त्याने तुला घराबाहेर काढायचं काही मनात आणलं तर मला कार्ड टाक. मी येईन.

मैना

*

पूर्णगड,
१५ नोव्हेंबर १९८४

चि. मैनास आशीर्वाद.

तुझं पत्र दसरा झाल्यावर पोचलं. पंचांगात ठेवलंय, निवांत वाचेन. राहीला त्याच्या आधीच मी तिच्या माहेरी लांज्याकडे पोचवून आलो. काही तमाशा केला नाही तिने. आपली ट्रंक भरली, घर सारवलं आणि निघाली. तिच्या बापाला कौलाचं सांगितलं. गरीब माणूस, हात जोडून उभा राहिला.

सदूचं पत्र बोटीवरून आलं. दादा करेल ते मला मान्य, असं लिहिलंय. धाकटा भाऊ असावा तर असा. तेव्हा तुमच्या खेडच्या बाजूला चांगल्या घरातली मुलगी असेल तर बघून ठेव. भावंडं बरीच असलेल्या घरातली बघ.

माझे जेवणाचे हाल चाललेत. हाताने करून खातो. गिरणीवाला हल्ली तांदळात खडे मिसळायला लागलाय, मी निवडून घेतो तरी रोज एखादा दाढेखाली येतोच. परवा सौंदाळ्याचा काटा घशात अडकला, केळं गिळून उतरवला. घरात बाई हवीच.

दादा

*

लोटे,
२४ नोव्हेंबर १९८४

दादा,

तू माझं पत्र वाचलेलंच नाहीस. म्हणून हे जाड टाकाने, एका पानावर चार ओळी अशा अक्षरात लिहिते आहे. हात लांब करून धर, वाचता येईल.

खडे गिरणीवाला मिसळत नाही.

दोष राहीच्या हातात नाही. तुला जवळचं दिसत नाही.

यात लाजण्यासारखं काही नाही. हे वयाने होतं, चाळिशी उलटली की सगळ्यांना होतं. ह्यांना झालं, उद्या मला होईल.

देवी खोटं बोलली नाही. ती घरातला म्हणाली. घरात तुम्ही दोघं होतात, हे तूच लिहिलंस. दोघांतलं कोण, ते देवीने नाही ठरवलं. ते तू आणि मी ठरवलं.

ह्यांच्याबरोबर कामाला असणारा बाबू पूर्णगडचाच आहे. सुट्टीत येईल तेव्हा त्याच्याकडे चष्मा पाठवते, चिपळूणला घेतलाय. नाकावर ठेव, वाफ्यात जा आणि मेलेल्या एका कलमाची पट्टी सोडून काप बघ. तोवर सदूचं काही ठरवू नकोस. मी कुठलीही मुलगी बघणार नाही.

मैना

*

पूर्णगड,
१० जानेवारी १९८५

चि. मैनास,

तुझा बाबू चष्मा देऊन गेला. कुठे दिला असेल? बंदरावर, चार माणसं उभी असताना. म्हणाला, मैनाताईंनी तुमच्या डोळ्यांसाठी पाठवलाय. माझं तोंड काळं करायला तुला परका माणूस लागला काय?

मी आंधळा आहे म्हणतेस? काल गडाच्या बुरुजावर बसलो होतो. खाडीच्या तोंडाशी होडी आली ती कोणाची, हे मी शिडाच्या ठिगळावरून सांगितलं. माझ्या निम्म्या वयाची पोरं डोळे ताणून बघत राहिली, त्यांना शीडसुद्धा दिसत नव्हतं. असा माणूस आंधळा असतो? केरूराव कंपनीतल्या धुरात काम करतात, त्यांचे डोळे गेले असतील. मी खाऱ्या वाऱ्यावरचा माणूस आहे. महिपत नाकावर काच लावून कलम बांधतो हे लांज्यापर्यंत गेलं, तर कलम घ्यायला कोण येईल?

चष्मा फळीवर ठेवलाय. फेकला नाही, तू पाठवलास म्हणून.

तू मुलगी बघितली नाहीस तरी अडलं नाही. पावस गावच्या बाजूची ठरली, हौसा नाव. त्याआधी पंचांसमोर राहीची सोडचिठ्ठी होईल. लग्न वैशाखात. सदू तोवर बोटीवरून उतरेल. करवली म्हणून तुलाच उभं राहायचं आहे, तेव्हा राग गिळून ये.

दादा

*

लांजा तालुका,
२ मार्च १९८५

मैना वन्संना राहीचा नमस्कार.

सोडचिठ्ठी झाल्यावर वन्सं म्हणायचं की नाही ते मला ठाऊक नाही. अजून झालेली नाही, म्हणून म्हणते.

तुम्ही माहेरच्या पत्त्यावर पाठवलेली दोन्ही पत्रं मिळाली. माफीचं लिहिलंत ते राहू दे. त्याचं मी काय करू ते मला सुचत नाही. तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर देते.

हो, मला ठाऊक होतं. गेल्या साली नव्हे, त्याच्याही आधीपासून. शर्टाचं बटण लावायला भावजी दोरा ओवून मागायचे. मासळीचे काटे चुकायला लागले तेव्हा मी काटे काढूनच वाढायला लागले. एकदा धीर करून म्हटलं, भावजी, रत्नागिरीला जाऊन डोळे दाखवून या. त्यांनी भरलं ताट सरकवलं आणि कितीतरी दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

वाफ्यात गेले तर कलमं बघवेनात. पाचर एका अंगाला, साल दुसऱ्या अंगाला, आणि वरून पट्टी मात्र घट्ट. भावजींचा हात चांगला आहे, पण हाताला ते कळत नव्हतं. म्हणून दुपारी ते झोपले की मी पट्टी सोडायचे, पाचर सरळ करायचे, साल सालीला भिडवून परत बांधायचे. सगळी जमायची नाहीत. होतील तेवढी करायचे. वन्सं, जी निम्मी धरली ती मी परत बांधलेली आहेत. खोटं वाटलं तर गाठी बघा. भावजी उजवीकडून गाठ मारतात. मी डावखुरी, माझी गाठ डावीकडे पडते. पट्ट्या सोडायचं कामही मीच करायचे, तेव्हा यंदाच्या अजून तशाच असतील.

भावजींनी मला पडवीतून पाहिलं. लांबचं त्यांना स्वच्छ दिसतं. माझा हात दिसला, पण त्यांच्या स्वतःच्या बोटाखालचा काप त्यांना दिसत नव्हता. गवत काढते म्हणाले ते मी खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर त्यांच्या हाताला डाग लागला असता. मी बोलले नाही, म्हणून तो माझ्या हाताला लागला.

तुम्ही विचारलंत, ते पत्र मी का वाचलं, नको ते गाळलं का नाही. वन्सं, मला काहीही वाचता आलं असतं. मैना म्हणते राहीला सांभाळ, तिचा हात गुणाचा आहे, असंसुद्धा वाचता आलं असतं. भावजींना कुठे दिसणार होतं? मनात आलंही होतं. पण मला वाटलं, हे सगळं मोठ्याने म्हटलेलं त्यांच्या कानावर पडू दे. माझ्याच तोंडून पडू दे. मग ते मध्येच म्हणतील, पुरे. मी दर ओळीला वाट बघत होते. शेवटपर्यंत ते पुरे म्हणाले नाहीत.

इथे बातमी माझ्या आधी पोचली होती. परवा मी पाणंदीने जात होते तर शेजारच्या आनंदीबाईंनी आपल्या मिरचीच्या रोपांवर घाईने गोणपाट टाकलं. मला लहानपणापासून ओळखतात त्या. यंदा लावणीला मला कोणी बोलावेल असं दिसत नाही.

तुम्ही हे भावजींना कळवा किंवा नका कळवू. मी सांगून उपयोग नाही हे मला कळलंय.

राही

*

लोटे,
१० मार्च १९८५

दादा,

परत जाड अक्षरात लिहिते.

फळीवरचा चष्मा काढ. जी कलमं जिवंत आहेत त्यांच्या पट्टीची गाठ बघ. तुझी गाठ उजवी असते. राही डावखुरी आहे, तिची गाठ डावी. तू झोपायचास तेव्हा ती तुझी चुकलेली कलमं सोडून परत बांधत होती. तुझं नाव जाऊ नये म्हणून बोलली नाही.

गाठी उजव्या निघाल्या तर मी पूर्णगडला येऊन सगळ्यांसमोर तुझ्या पायावर डोकं ठेवीन, आणि करवली म्हणून उभी राहीन.

डाव्या निघाल्या तर सोडचिठ्ठी थांबव, लग्न मोड, आणि जाऊन तिला घेऊन ये. अजून वेळ आहे.

मैना

*

पूर्णगड,
२६ ऑगस्ट १९८५

चि. मैनास अनेक आशीर्वाद.

तू लग्नाला आली नाहीस. लोकांनी विचारलं, मी सांगितलं, तब्येत बरी नाही. तुझ्या पत्राचं उत्तर इतके महिने दिलं नाही. आता सगळं मार्गी लागलं म्हणून लिहायला बसलोय.

चष्मा लावतो. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात लावला, दार ओढून घेऊन. पहिल्यांदा माझीच बोटं दिसली. नखात केवढी माती होती, आणि चाकूचे केवढे बारीक वण. मग तसाच वाफ्यात गेलो. उभ्या कलमांच्या गाठी बघितल्या. सगळ्या डाव्या. उजवी म्हणून एकही नाही. मेलेल्या एकाची पट्टी सोडून बघितली तर पाचर सालीच्या बाहेर, नवशिक्याने कापल्यासारखी. बाबांनी बघितली असती तर माझ्या कानफटात मारली असती. गडग्यावर बसून राहिलो. मग घरी येऊन पंचांगातलं तुझं पत्र काढलं आणि वाचलं.

तू विचारशील, मग लग्न का मोडलं नाहीस? अगं, शब्द गेला होता. पत्रिका छापायला दिल्या होत्या. सदू निघाला होता. आणि मोडायचं तर कारण काय सांगायचं पंचांना, महिपतला स्वतःचा काप दिसत नव्हता, भावजय मागून दुरुस्त करायची? बाबांपासूनचं नाव आहे हे. ते घालवून पुढे खायचं काय? आणि एका बाईचं काय, तरुण आहे ती, तिचं कुठेतरी होईल. माझ्या मनात तिच्याबद्दल आता वाईट नाही. सदूला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

यंदा कलमं धरली. कुंपण अजून उंच केलंय, आत बसून चष्मा लावून बांधतो, कोणाची चाहूल लागली की खिशात टाकतो. लांज्याची माणसं बघून खूष होऊन गेली. वाडीत म्हणतात, ती गेली आणि वाफा शुद्ध झाला. भिकाजी म्हणाला, कौल खरा ठरला, देवीला नारळ द्या. मी दिला. त्याला काय सांगणार होतो? तूही कुठे बोलू नकोस. हौसाला दिवस गेलेत, तिच्या कानावर असलं काही जायला नको.

झालं गेलं विसर आणि गौरीला माहेरी ये. हौसाचा पहिला ओवसा आहे, नवी सून गौरीपुढे सूप ओवसते तेव्हा नणंद हवी.

दादा

ता. क. चष्म्याचा नंबर थोडा कमी पडतो. याहून वाढीव नंबरचा चिपळूणला मिळाला तर घेऊन ठेव. बाबूकडे देऊ नकोस, स्वतः घेऊन ये.

*

लोटे,
५ सप्टेंबर १९८५

दादा,

तुझं अक्षर पुन्हा शाळेतल्यासारखं बारीक आणि सरळ झालंय. एवढं सगळं एका इनलँडात मावलं. आता मीही नेहमीच्या अक्षरात लिहिते, कारण हे तू स्वतः वाचशील.

वाढीव नंबरचा चष्मा मी आणणार नाही. रत्नागिरीत दुकानं आहेत. दिवसाउजेडी जा, चार माणसांत उभा राहा आणि सांग, मला जवळचं दिसत नाही.

गौरीला मी पूर्णगडला येणार नाही. ह्यांनी रजा काढलीय. आम्ही लांज्याला राहीकडे जातो आहोत. तिच्या वाडीत गौरीपुढे सगळ्या बाया जमतात, आनंदीबाईही असतील. तिथे मी तुझं हे पत्र वाचणार आहे. राहीला वाचायला लावणार नाही, मी वाचणार. गाठी डाव्या निघाल्या तेही वाचणार, चष्मा खिशात टाकतोस तेही, नारळाचंही, आणि एका बाईचं काय, तेही.

त्याच्या आधी माझं वाचायचं आहे, गेल्या साली ऑगस्टात लिहिलेलं. ते तुझ्याकडे आहे, टपालाने पाठव. नाही पाठवलंस तरी अडणार नाही. मला ते पाठ आहे.

राहीला यातून परत काही मिळणार नाही. नवरा गेला, घर गेलं, आणि ते घालवण्यात मी होते. ती जाताना कोणी मिरचीच्या रोपांवर गोणपाट टाकू नये, एवढंच आता करता येण्यासारखं उरलंय. तेही होईल की नाही ठाऊक नाही. लोकांना देवीचा कौल आवडतो, चष्मा आवडत नाही.

त्या दिवशी पडवीत राही वाचत होती तेव्हा दर ओळीला थांबून वाट बघत होती, की तू पुरे म्हणशील. तू म्हणाला नाहीस. आता हे पत्र हातात पडल्यावर तू म्हणशील, तार करशील, कदाचित स्वतः धावत येशील. ये. बायांच्या मागे उभा राहा आणि ऐक. तू पुरे म्हणालास तरी मी थांबणार नाही.

मैना